सही करताना विचारा

मंडळी, दिवाळीच्या अंकात देण्याघेण्याचा विषय काढला म्हणून रागावू नका. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांचीही पूजा होते, आणि वहीत जमेच्या बाजूइतकीच नावेची बाजूही असते.

निमित्त घडलं ते आपल्या मंडळाच्या गणपतीत. प्रसादाच्या रांगेत एका मुलीनं मला गाठलं. इथेच जन्मलेली, आता हिशेबतपासणीच्या क्षेत्रात नोकरी करते. मराठी थोडं अडखळत, पण प्रश्न अगदी स्वच्छ. "काका, आपल्या सरकारनं दुसऱ्या देशाचं काही नुकसान केलं आणि भरपाई द्यायची ठरली, तर त्या पैशासाठी काँग्रेसमध्ये मत होतं का? मी शोधलं, तर बऱ्याचदा होतच नाही असं दिसलं. मग माझ्या टॅक्सवर माझ्या प्रतिनिधीचा ताबा कुठे राहिला?"

(ज्येष्ठ वाचकांनी गोंधळू नये. ही काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, इथली संसद.)

हातात मोदक होता, मागे रांग होती. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर माझंच समाधान होईना. तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं 'सरकारचा पैसा कोणाच्या परवानगीनं खर्च होतो' याच प्रश्नावर गेली. तेव्हा त्या मुलीला आणि तुम्हालाही हे सविस्तर उत्तर.

पण आधी माझ्या आजीची गोष्ट सांगतो, कारण माझं उत्तर तिनंच साठ-पासष्ट वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या वाईच्या घरी एके दिवशी सावकाराचा माणूस येऊन ओटीवर बसला. आजोबांनी कुणा नातेवाइकासाठी जामीन राहून कागदावर सही केली होती. नातेवाईक परागंदा झाले आणि देणं आमच्या दारात आलं. घरात रोकड नव्हती. आजोबांनी आजीला आत बोलावलं आणि हळू आवाजात पाटल्यांबद्दल विचारलं. आजीनं पाटल्या काढून दिल्या. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पाटल्या काढताना विचारताय. सही करताना विचारलं असतं तर बरं झालं असतं."

पाटल्या द्यायला तिनं नकार दिला असता तर? आजोबांचा शब्द गेला असता, गावात पत गेली असती. हे तिला कळत होतं, म्हणून तिनं दिल्या. पण तिची तक्रारही खरी होती. आता हीच गोष्ट देशांच्या पातळीवर कशी घडते ते बघा.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात लिहिलं आहे की कायद्यानं मंजुरी मिळाल्याशिवाय तिजोरीतून एक पैसाही काढता येणार नाही. म्हणजे तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. पण परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार अध्यक्षांना, सिनेटच्या संमतीनं. सही करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, ही अडचण घटनेतच आहे. ती पुढे यायला फार वेळ लागला नाही.

१७९४ मध्ये जॉन जे यांनी इंग्लंडशी करार केला. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी अमेरिकन लोकांनी इंग्रज व्यापाऱ्यांची जी कर्जं बुडवली होती, त्यांची भरपाई अमेरिकेनं द्यायची. इंग्रज आरमारानं जी अमेरिकन जहाजं पकडली, त्यांची भरपाई इंग्लंडनं द्यायची. रकमा ठरवण्यासाठी दोन्ही देशांच्या सदस्यांची मंडळं नेमायची. सिनेटनं करार २० विरुद्ध १० मतांनी मान्य केला. पण करार अमलात आणायला पैसा हवा, आणि त्यासाठी प्रतिनिधिगृहाकडे जाणं भाग होतं. प्रतिनिधिगृह म्हणालं, आधी वाटाघाटींची कागदपत्रं दाखवा. अध्यक्ष होते जॉर्ज वॉशिंग्टन. त्यांनी साफ नकार दिला. करार पूर्ण झाला आहे, तो पाळणं आता देशाचं कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग प्रतिनिधिगृहात मोठा वाद झाला. मॅसॅच्युसेट्सचे फिशर एम्स आजारी होते, तरी उभे राहून त्यांनी देशाचा शब्द मोडू नये म्हणून भाषण केलं, आणि ते भाषण पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाजलं. ३० एप्रिल १७९६ रोजी ५१ विरुद्ध ४८ मतांनी पैसे मंजूर झाले. अवघ्या तीन मतांचा फरक! इंग्रज व्यापाऱ्यांच्या भरपाईची अंतिम रक्कम १८०२ मध्ये ठरली, सहा लाख पौंड.

या वेळी निभावलं. पुढच्या वेळी पारडं उलटं होतं. भरपाई अमेरिकेला मिळायची होती आणि अडवणारी संसद होती फ्रान्सची.

नेपोलियनच्या काळात फ्रान्सनं अमेरिकन व्यापाऱ्यांची जहाजं आणि माल जप्त केला होता. बऱ्याच वर्षांच्या तगाद्यानंतर ४ जुलै १८३१ रोजी पॅरिसमध्ये करार झाला. फ्रान्सनं अडीच कोटी फ्रँक सहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे. राजा लुई फिलिपच्या सरकारनं सही केली. पण पैसे मंजूर करायचे होते 'चेंबर ऑफ डेप्युटीज' या सभागृहानं.

पहिला हप्ता फेब्रुवारी १८३३ मध्ये द्यायचा होता. अमेरिकेच्या ट्रेझरीनं फ्रान्सच्या अर्थमंत्र्यांवर सरळ हुंडी काढली आणि ती 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ला विकली. हुंडी पॅरिसला पोचली आणि न वटता परत आली. कारण? सभागृहानं पैसे मंजूरच केलेले नाहीत! बँकेनं मग नकारलेल्या हुंडीचा दंड म्हणून १५ टक्के आपल्याच सरकारकडे मागितले आणि सरकारला द्यायच्या लाभांशातून कापूनही घेतले. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आणि ही बँक यांचं हाडवैर तर प्रसिद्धच होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि अखेरचा निकाल १८४७ मध्ये सरकारच्या बाजूनं लागला. तोपर्यंत बँक बुडालीही होती.

इकडे पॅरिसमध्ये १ एप्रिल १८३४ रोजी सभागृहानं भरपाईची मागणी १७६ विरुद्ध १६८ मतांनी फेटाळली. परराष्ट्रमंत्री ब्रॉयी यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये जॅक्सननी काँग्रेसला सांगितलं की फ्रान्स पैसे देत नसेल तर फ्रेंच मालमत्ता जप्त करण्याचा कायदा करा. काँग्रेसनं तो केला नाही, पण धमकी पॅरिसला पोचली होती. फ्रान्सनं आपला राजदूत परत बोलावला. एप्रिल १८३५ मध्ये सभागृहानं पैसे मंजूर केले, पण अट घातली की आधी अमेरिकेनं त्या भाषणाचा समाधानकारक खुलासा करावा. जॅक्सन माफी मागणाऱ्यांतले नव्हते. दोन जुने मित्रदेश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. शेवटी इंग्लंडनं मध्यस्थी केली आणि १८३६ च्या मे महिन्यापर्यंत थकलेले चार हप्ते चुकते झाले.

आठ मतांनी दोन देश युद्धाच्या जवळ जातात, हे लक्षात घ्या. आणि आणखी एक गोष्ट बघा. या सगळ्या काळात ज्यांची जहाजं गेली, ते अमेरिकन व्यापारी काय करत होते? वाट बघत होते. पॅरिसच्या सभागृहात त्यांचं एकही मत नव्हतं.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय कायद्यानं याबाबत एक कडक नियम धरला आहे. 'आमच्या संसदेनं पैसे मंजूर केले नाहीत' ही सबब दुसऱ्या देशापुढे चालत नाही. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या सत्ताविसाव्या कलमात तो शब्दांत मांडला आहे. देशांतर्गत कायद्याकडे बोट दाखवून कोणालाही करार मोडता येत नाही. घरात कोणी कोणाला विचारलं, हा घरचा प्रश्न. सावकाराच्या दृष्टीनं सही घराची.

मग सभागृहाचं मतदान टाळून पैसे वेळेवर देण्याची व्यवस्था करता येईल का? अमेरिकेनं तेच केलं, मात्र मुख्यतः देशातल्या दाव्यांसाठी. पूर्वी सरकारविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला की पैशासाठी काँग्रेसच्या मंजुरीची वाट बघावी लागे. तोपर्यंत व्याज चढत जाई. म्हणून १९५६ मध्ये काँग्रेसनं 'जजमेंट फंड' निर्माण केला. एक लाख डॉलरपर्यंतचे निकाल त्यातून परस्पर भागवायचे, पुन्हा विचारायला यायचं नाही. १९७७ मध्ये एक लाखाची मर्यादाही काढून टाकली. आता रकमेला मर्यादा नाही आणि दर वर्षी मंजुरीची गरज नाही. न्यायखात्यानं केलेल्या तडजोडींचे पैसे यातून जातात, आणि परदेशी लवादापुढच्या प्रकरणांचेही जाऊ शकतात.

याचा सर्वांत गाजलेला वापर तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल, फक्त फंडाचं नाव आठवत नसेल. शहाच्या काळात इराणनं अमेरिकेकडून शस्त्रं घेण्यासाठी पैसे भरले होते. १९७९ च्या क्रांतीनंतर शस्त्रं गेली नाहीत आणि ४० कोटी डॉलर इथेच अडकले. १९८१ मध्ये हेगला स्थापन झालेल्या इराण-अमेरिका लवादापुढे हा दावा अनेक वर्षं पडून होता. जानेवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. मूळ ४० कोटी आणि व्याजापोटी सुमारे १३० कोटी डॉलर. मूळ रक्कम इराणच्याच ठेवीतून गेली. व्याज गेलं जजमेंट फंडातून. ट्रेझरीच्या सार्वजनिक यादीत त्याच्या नोंदी सापडतात. ९,९९,९९,९९९.९९ डॉलरच्या तेरा रकमा, आणि शेवटी १,०३,९०,२३६.२८ ची एक. तिकडच्या कैद्यांची सुटका त्याच सुमारास झाली आणि पैसे रोख गेले, हे ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांतून कळलं तेव्हा गदारोळ उठला. एका बाजूनं म्हटलं ही खंडणी आहे. सरकारनं म्हटलं, लवादात हरलो असतो तर याहून जास्त द्यावे लागले असते. प्रतिनिधिगृहानं असे व्यवहार रोखण्यासाठी विधेयक मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

कोण बरोबर होतं हे मी इथे सांगणार नाही. आपल्या मंडळात दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि फराळ सगळ्यांना एकत्र करायचा आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. काँग्रेस ज्या परवानगीबद्दल संतापली, ती तिनंच १९५६ मध्ये दिली होती आणि १९७७ मध्ये अमर्याद केली होती. कोऱ्या कागदावर सही देऊन ठेवायची आणि मग रक्कम बघून ओरडायचं, असा हा प्रकार.

उलट उदाहरणही आहे. मे १९९९ मध्ये अमेरिकन विमानांनी बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर चुकून बॉम्ब टाकले. तीन चिनी पत्रकार मेले. मृतांचे नातेवाईक आणि जखमी यांच्यासाठी सरकारनं ४५ लाख डॉलर दिले. इमारतीच्या २ कोटी ८० लाखांसाठी मात्र क्लिंटन सरकारला काँग्रेसपुढे जाऊन मागावं लागलं. काँग्रेसनं वेळ घेतला, पण पैसे दिले. चीननंही आपल्याकडच्या अमेरिकन वकिलातींच्या नुकसानीचे २८ लाख ७० हजार डॉलर देण्याचं मान्य केलं. म्हणजे मागितलं तर प्रत्येक वेळी पॅरिससारखं होतंच असं नाही.

आता आपल्या मूळ देशाकडे वळू, कारण भारताच्या घटनाकारांनी या कोड्यावर मधला मार्ग काढला आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

भारताच्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन प्रकार असतात. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक कधी हातात घेतलं असेल तर 'दत्तमत' आणि 'भारित' हे शब्द तुम्ही पाहिले असतील. दत्तमत म्हणजे ज्यावर सभागृह मत देतं. भारित म्हणजे जो थेट एकत्रित निधीवर टाकलेला आहे, ज्यावर मत घ्यायचं नाही. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचं व्याज, हे सगळं भारित. आणि घटनेच्या ११२ व्या अनुच्छेदानं त्याच यादीत आणखी एक गोष्ट घातली आहे: कोणत्याही न्यायालयाचा किंवा लवादाचा निकाल भागवण्यासाठी लागणारी रक्कम. राज्यांसाठी २०२ व्या अनुच्छेदात हेच आहे.

पण पुढचा ११३ वा अनुच्छेद वाचा. भारित खर्चावर मत नाही, मात्र चर्चेला मज्जाव नाही. म्हणजे हरलेल्या खटल्याचे पैसे अडवण्याचा हक्क खासदारांना नाही, पण ते का द्यावे लागले हे उभं राहून विचारण्याचा हक्क पुरेपूर आहे. बाहेरच्या माणसाचं देणं बहुमताच्या लहरीवर नाही, आणि घरातल्या माणसाचं तोंडही बंद नाही.

कागदावर उत्तम. व्यवहारात काय झालं? केर्न कंपनीचं प्रकरण घ्या. २०१२ मध्ये संसदेनं आयकर कायदा पूर्वलक्षी प्रभावानं बदलला, म्हणजे जुन्या व्यवहारांवर नव्यानं कर. त्याच्या आधारे केर्नकडून मोठी वसुली झाली. डिसेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादानं भारताविरुद्ध १२० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. सरकारनं निकालाला आव्हान दिलं. कंपनीनं देशोदेशीच्या कोर्टांत धाव घेतली आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्तांवर टाच आली. पुढच्याच महिन्यात संसदेनं तो पूर्वलक्षी कर मागे घेणारा कायदा केला. अट अशी की कंपनीनं दावे मागे घ्यायचे आणि बिनव्याजी परतावा स्वीकारायचा. सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले.

लोकसभेत हे विधेयक गोंधळातच आवाजी मतदानानं मंजूर झालं. नऊ वर्षांपूर्वीचा कायदा कुठे चुकला, याची शांतपणे चर्चा व्हायची ती जागा होती. घटनेनं दिलेली बोलण्याची संधी सभागृहानं स्वतःच गोंगाटात घालवली.

आणि दाभोळ? रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या वीजप्रकल्पाच्या नावानं आपल्या पिढीनं किती वाद घातले! महाराष्ट्र वीज मंडळानं पैसे दिले नाहीत तर केंद्र सरकार देईल, अशी प्रतिहमी होती. पहिली हमी १९९४ मध्ये एका पक्षाच्या सरकारनं दिली. सुधारित प्रतिहमीला मे १९९६ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या तेरा दिवसांच्या सरकारनं मान्यता दिली, लोकसभेचा विश्वास मिळालेला नसताना. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. मग लवाद आले. २००४ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारनं भारताविरुद्ध लवाद मागितला, कारण त्याच्या विमा संस्थेला गुंतवणूकदारांना पैसे द्यावे लागले होते. २००५ मध्ये तडजोडी झाल्या. जीई कंपनीला १४.५ कोटी आणि बेक्टेलला १६ कोटी डॉलर. वाद घालायला आपण सगळे होतो. पण ज्या क्षणी वाद उपयोगाचा होता, त्या सहीच्या क्षणी सभागृहाला कोणी विचारलं होतं?

एक आक्षेप मला ठाऊक आहे. वाटाघाटी चालू असताना दर वेळी सभागृहाला विचारत बसलं तर कोणताही करार होणार नाही, आणि काही गोष्टी गुप्तच ठेवाव्या लागतात. खरं आहे. म्हणून मी असं म्हणत नाही की प्रत्येक ओळ सभागृहात वाचा. पण हमीची कमाल मर्यादा, लवाद मान्य करण्याची अट, ठरावीक रकमेपुढच्या तडजोडीची आगाऊ सूचना, एवढं तरी आधी मांडता येतं. जजमेंट फंडासारख्या व्यवस्थेला वरची मर्यादा घालता येते. मर्यादेच्या आत सरकारनं लगेच द्यावं. मर्यादेपुढे असेल तर सभागृहात कारणं सांगावीत.

तेव्हा गणपतीत प्रश्न विचारणाऱ्या माझ्या तरुण मैत्रिणीला उत्तर असं. तुझ्या प्रतिनिधीचा ताबा देणं नाकारण्यात नसावा. ज्याचं नुकसान झालं तो दुसऱ्या देशातला माणूस आहे, त्याला इथे मत नाही, आणि त्याची भरपाई तीन किंवा आठ मतांवर लटकू नये. ताबा दोन ठिकाणी असावा. शब्द देण्याआधी, आणि पैसे दिल्यावर उघड हिशेब मागताना. या दोन्ही ठिकाणी तुझे प्रतिनिधी गप्प बसत असतील, तर त्यांना पत्र लिही. जजमेंट फंडाच्या रकमांची यादी ट्रेझरी जाहीर करते. हिशेब तपासणं हा तर तुझा व्यवसायच आहे. एकदा ती यादी उघडून बघ आणि काय सापडतं ते मला कळव.

राहिली आजी. तिच्या पाटल्या परत काही आल्या नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरात कोणताही कागद सहीसाठी आला की आजोबा तो आधी स्वयंपाकघरात नेऊन तिला वाचून दाखवत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती मधेच थांबवून "हे कशासाठी?" असं विचारायची, आणि आजोबांना उत्तर द्यावं लागायचं. दोनदा तरी त्यांनी सही न करता कागद परत केल्याचं मला आठवतं.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. प्रश्न विचारत राहा. पुढच्या गणपतीत मी प्रसादाच्या रांगेतच सापडेन.